पाचव्या शनिवारच्या मिरच्या

"आला का गं वास?"

"नाही, आजी."

सलग चौथा शनिवार. नातीवरून ओवाळलेलं मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या ठमाबाईंनी अंगणातल्या चुलीत टाकल्या होत्या. वास सुटला नाही म्हणजे दृष्ट लागलेली, हा घरचा कायदा. ठमाबाईंचं स्वतःचं नाक तपकिरीने कधीच निकामी केलेलं, त्यामुळे साक्ष हर्षालीची. आईबाप त्या वेळी पंचवटीत फुलं विकत असायचे.

"शेजारच्या छायाचीच नजर. लय टक लावून बघती," ठमाबाई म्हणाल्या. "जा बाई, पड जरा."

हर्षाली जाऊन पडली.

करोना होऊन दीड वर्ष झालं होतं. ताप चार दिवसांत गेला, बाकीचं राहिलं. जिना चढला की छाती धडधडायची. धडा वाचून संपेपर्यंत पहिली ओळ विसरायची. एक दिवस शाळा केली की दोन दिवस अंथरूण. रक्त, ईसीजी, एक्स-रे सगळं नॉर्मल, आणि प्रत्येक चांगल्या रिपोर्टनंतर घरात पोरीचे हाल वाढायचे. नॉर्मल म्हणजे नाटक, असं तिच्या बापाने, महेशने, ठरवूनच टाकलं होतं. शाळेचं म्हणणं, गैरहजेरीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणा, नाहीतर दहावीचा फॉर्म विसरा. डॉक्टर म्हणत, आजारच नाही तर चिठ्ठी कसली?

"आत्याबाई, मिरच्या जाळून हजेरी भरत नाही," उज्वला सासूवर वैतागली.

"मंग तुझ्या डाक्टरनं किती भरली?"

उज्वलाने भांडी जोरात आपटली.

पुढच्या शनिवारी फुलं लवकर खपली. उज्वला फाटकाशी पोचली तर वारा नेमका तिच्याकडे. ठसक्याने डोळ्यांतून पाणी आलं. पदर नाकाला लावून ती उभी राहिली, तेवढ्यात अंगणातून ऐकू आलं.

"आला का गं वास?"

"नाही, आजी."

उज्वला जागीच थबकली. मग तिला हसूच फुटलं. करोनानंतर वास जातो, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक! एवढी साधी गोष्ट एकाही डॉक्टरने विचारू नये?

"आता म्हणा नाटक!" तिने महेशला सुनावलं. महेशने माघार घेतली. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं उज्वलाचं मत.

सोमवारी लहान मुलांच्या नव्या डॉक्टर, रोहिणी मॅडम. उज्वलाने वकिलासारखी सगळी केस मांडली आणि शेवटी मिरच्यांचा पुरावा. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. मग हर्षालीला डोळे मिटायला सांगून एक बाटली तिच्या नाकाशी धरली.

"लवंग," हर्षाली म्हणाली.

दुसरी बाटली.

"कॉफी."

तिसरी.

"हिंग. आणि बाहेर कुणीतरी संत्रं सोलतंय."

उज्वलाचा चेहरा लालबुंद झाला. "मग आजीला दर शनिवारी खोटं का सांगत होतीस गं?"

हर्षालीने डोळे उघडले नाहीत.

"आजारी म्हटलं की रिपोर्ट मागतात, आई. दृष्ट लागली म्हटलं की झोपू देतात."