चौथा प्रोसेसर

शेखर जाऊन काही वर्षं झाली होती, तरी रोज सकाळच्या चहाला तो ओट्यावरच्या छोट्या कॅमेऱ्यातून मृणालकडे बघत गप्पा मारायचा. आज गेलेल्यांची मनं यंत्रावर जपणाऱ्या केंद्रातून तंत्रज्ञ तन्वी आली होती.

“आजी, यंत्रावर गर्दी फार झाली. गेलेल्या माणसांना आता प्रत्येकी तीनच आभासी प्रोसेसर. आजोबांना चार लागतात: बघायला, ऐकायला, बोलायला आणि आठवणींना. दुपारपासून चौथा मागितला, की यंत्रच नकार देईल.”

“मग बघणं काढ,” मृणाल म्हणाली. “मी कुठे आता बघण्यासारखी राहिलेय.”

“ते राहू दे,” शेखर म्हणाला. “तन्वी, बोलणं काढ.”

“म्हणजे मी एकटीनेच बडबडायचं?”

“मी तुझं कधी पुरतं ऐकून घेत नाही, ही जन्मभराची तक्रार ना तुझी? आता सांग सगळं. सावकाश.”

तन्वीने त्याचं बोलणं थांबवलं आणि ती हळूच निघून गेली. मग मृणालने खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढली, केस सारखे केले आणि लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात त्याने मध्येच तोडलेली गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.