डाव्या हाताचे मासे

मासा टबात सोडला आणि तो लगेच डाव्या कुशीवर कलंडला. म्हाताऱ्याने दोरी ओढली. मासा दारू प्यायल्यासारखा गोल फिरला आणि पोट वर करून तरंगत राहिला.

"मेला," दारात उभा असलेला मुलगा म्हणाला.

"मेला नाही. लाकूड ओलं आहे. वाळलं की सरळ होईल."

"बाबा, हे लाकूड पार हिवाळ्यापासून माळ्यावर वाळतंय."

"मग तूच कोर की! ये, बस."

मुलगा बसला नाही. म्हातारा जन्मभर गळाला लावायचे लाकडी मासे करत आला होता. बोटभर लांबीचे, पोटात शिशाचा गोळा, अंगावर रंगवलेले खवले. पाण्यातून ओढले की असे वळवळायचे की मोठा मासा फसून झडप घालायचा. पूर्वी मासा कोरून झाला की तो दिवसभर खिडकीतल्या तारेवर टांगायचा आणि मगच टबात सोडून बघायचा. मग झटका आला, उजवा हात लुळा पडला. घरच्यांना वाटलं, आता संपलं. म्हाताऱ्याने लाकूड शिकंज्यात आवळलं, चाकू डाव्या हातात धरला आणि पहिल्याच दिवशी अंगठा कापून घेतला. अंगठ्याला चिंधी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. फक्त धीर तेवढा उरला नव्हता. कोरून झाला रे झाला की मासा टबात. आणि टबात सोडला रे सोडला की तो आडवा.

"मी काय म्हणतो," मुलगा समजुतीने म्हणाला, "हे टेबल इथून काढू. खिडकीखाली पलंग टाकतो. उजेडात छान पडून राहा."

"पडून राहायला मी काय गोधडी आहे?"

"दुकानदार तोंडावर काही बोलत नाही. पण असले मासे त्याने परत पाठवले तर शोभेल का तुम्हाला?"

म्हाताऱ्याने ओला मासा तारेवर टांगला. डाव्या हाताने गाठ मारायला बराच वेळ लागला. मुलगा मदतीला पुढे झाला, तसा म्हातारा खेकसला.

"हात लावू नकोस! ऐकून ठेव. माझ्या माशाला ज्या दिवशी दुसऱ्या कुणाचा हात लागेल, त्या दिवशी मीच हे टेबल फोडून चुलीत घालीन. मग टाक तुझा पलंग. तोवर इथे फिरकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने घर डोक्यावर घेतलं. टबात तोच मासा शेपटी हलवत सरळ, अगदी रुबाबात चालला होता.

"बघ! म्हटलं नव्हतं? ओलं होतं!"

मुलाने हात मागे बांधून, टबावर वाकून मासा दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि बाहेर निघून गेला. त्यानंतर प्रत्येक माशाचं तेच झालं. आज आडवा, उद्या सरळ. एका कुशीचं लाकूड आपण जरा जास्तच काढतोय, असं म्हाताऱ्याला कधीकधी वाटायचं. पण हा विचार तो टेबलावरच्या भुशासारखा फुंकर मारून उडवून द्यायचा. मासे रंगले, त्यांना व्हार्निश लागलं, गळ बसले, आणि सगळी खेप दुकानात गेली.

"काका, मागचे संपलेसुद्धा," दुकानदार पुढच्या भेटीत म्हणाला. "अगदी पहिल्यासारखेच आहेत. काही फरक नाही."

म्हातारा त्या दिवशी चहालाही थांबला नाही. काठी टेकायची विसरून, छाती काढून घरी निघाला. मुलाला कसं सुनवायचं याची वाक्यं वाटेत जुळवत होता. पायऱ्या टाळण्यासाठी तो मागच्या दाराने आत आला आणि तिथेच थबकला.

टेबलाशी त्याची बायको बसली होती. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात सकाळीच कोरलेला मासा. पॉलिश पेपरचा तुकडा ती माशाच्या उजव्या कुशीवरून फिरवत होती. मग तिने मासा टबात सोडला, दोरी ओढली, मान हलवली आणि पुन्हा घासायला घेतला. घाई नव्हती, चाचपणं नव्हतं. रोज भाकऱ्या थापणाऱ्या हाताला जसं विचारावं लागत नाही, तसं चाललं होतं.

म्हाताऱ्याने काठी दाराशी टेकवून ठेवली.

"म्हणजे हे असं वाळत होतं," तो म्हणाला.

ती दचकली नाही. "लवकर आलात," म्हणाली.

तो पुढे झाला आणि भिंतीवरचे चाकू एकेक करून खाली काढू लागला. एक हातातून निसटून फरशीवर पडला. "पोराला हाक मार. म्हणावं, पलंग घेऊन ये."

"काय झालं एवढं?"

"मला कुणाची दया नको. तुझी तर नकोच नको! हात गेला म्हणून माझ्या पाठीमागे, मी नसताना, लपूनछपून..."

"दया?" तिने चष्मा कपाळावर सरकवला. पडलेला चाकू उचलून पुन्हा खिळ्याला अडकवला. "हात गेला म्हणून नाही हो. लग्न होऊन या घरात आले, त्या वर्षापासून करतेय. तुम्ही दुपारी घोरायला लागलात की तारेवरचे उतरवायचे आणि घासायचे. उजवा हात होता ना तुमचा, तो शेपटीकडे नुसता ओरबाडायचा. एक मासा धड चालेल तर शपथ!"

तिने मासा पुन्हा टबात सोडला.

"खरं सांगू? त्या उजव्यापेक्षा हा डावा बरा आहे. मला काम कमी पडतं."