माणसांइतकी पानं

सुन्न घरात वाळक्या पानांची सळसळ झाली. लेक दप्तरातून पानं काढत होती. तिचे बाबा वारून पंधरवडा उलटला होता, पण चार वर्षांच्या पोरीला ते सांगायला आईची जीभ रेटत नव्हती. बालवाडीतल्या बाईंनी घरच्या माणसांइतकी पानं मोजून आणायला सांगितली होती. पोरीनं ओळ मांडली: मोठं, मधलं, इवलंसं. आईनं मनाचा हिय्या करून मोठं उचललं. “एक गेलं. आता मोज बघू.” “तीन.” “अगं शहाणे, बोट लावून मोज.” पोरीनं दोन पानांवर बोट टेकवलं, मग रिकाम्या फरशीवर. “तीनच.” “बाबा गेले बाळा,” आई कशीबशी म्हणाली. “त्यांचं पान धरायचं नाही.” लेक हसली. “तुला काहीच येत नाही. दवाखान्यात निघताना बाबा ‘येतो’ म्हणाले, ‘जातो’ म्हणालेच नाहीत. मग ‘येतो’ म्हणणाऱ्याला मोजायचं नाही का गं आई?”