उतार संपला तिथे

कुसुनोकी-सानांनी आमच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं खपून दोन पाय बनवले. ना मोटर, ना मेंदू; उतरत्या फळीवर ठेवले की नुसत्या घडणीच्या जोरावर माणसासारखे चालत सुटायचे.

"अक्कल काय फक्त डोक्यात असते? गुडघ्यातही असते, गाढवांनो!" ते आमच्यावर डाफरायचे.

खोड एकच. त्या पायांना थांबता यायचं नाही. फळी संपली की कोणीतरी पुढे होऊन धरावं लागायचं.

मार्चअखेर ते निवृत्त झाले. निरोपाच्या जेवणात आम्ही त्यांच्या पेल्यात बियर ओतत होतो, तेव्हा म्हणाले, "सुटलो एकदाचा! आता बागेतल्या मुळ्यांशिवाय कोणाचं तोंड बघणार नाही."

पुढच्याच गुरुवारी सकाळी पावणेनऊला मला ते प्रयोगशाळेच्या फाटकाशी दिसले. टाय, बॅग, सगळं जागच्या जागी.

"तोफू आणायला निघालो होतो," ते ओशाळून म्हणाले. "घरापासून इथवर उतारच आहे ना सगळा."

पहारेकरी निइमी-सान पुढे झाले. आम्ही ते पाय धरायचो, तसेच त्यांनी दोन्ही हातांनी कुसुनोकी-सानांचे खांदे धरले आणि विचारलं,

 

"आजही तोफूच का, कुसुनोकी-सान?"