जहागीरदारांची गाडी

आण्णासाहेब वकील गाडीत बसले खरे, पण त्यांचे गुडघे स्टिअरिंगला जाऊन भिडले. ते मागं रेलले, तिरके झाले, पोट आत ओढून पाहिलं. गुडघे काही हटेनात. खाली पोतं अंथरून बब्रुवान मिस्त्री गाडीखाली शिरला होता आणि जुनं काळंकुट्ट ऑइल घमेल्यात सोडत होता. त्याला वरून नुसते हुंकार ऐकू येत होते.

"अरे, ही सीट जरा मागं घे."

"सरकत न्हाय, साहेब. बोल्ट मारून पक्की केलीय." बब्रुवान बाहेर आला आणि दारातून आत डोकावला. "आन् हे बघा नवल! तिन्ही पायडलांवर लाकडाचं ठोकळं बसवल्यात. असलं म्या आजवर बघितलं न्हाय."

ओट्यावर बसलेल्या सरोजिनीनं मान वर केली. नवऱ्याच्या या गाडीकडे आज बघायचंसुद्धा नाही, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं. येडशीच्या मुलींच्या शाळेनं तिला शिकवायला बोलावलं होतं. तिचा होकार-नकार घेऊन जायला शाळेचा शिपाई बिराप्पा आला होता आणि ओट्याच्या कडेला चहा पीत होता. लग्नाआधी ती परंड्याला शिकवायची. पुन्हा फळ्यासमोर उभं राहायला तिचा जीव तळमळत होता. पण आण्णासाहेबांचा एकच सवाल होता, "एसटीच्या वेळा शाळेला जुळत नाहीत. मला कोर्ट असतं. तुला रोज नेणार कोण आणि आणणार कोण?" 

कोर्ट घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, ही गोष्ट वेगळी. जहागीरदारांची ही जुनी गाडी त्यांनी घेतली ती उस्मानाबादेतल्या दुसऱ्या कुठल्या वकिलाकडे नव्हती म्हणून. चालवायला तर अजून शिकायचंच होतं. शिकवायचं काम बब्रुवानकडे होतं.

ठोकळ्यांचं ऐकून मात्र सरोजिनीला राहवेना. ती पदर खोचून खाली आली.

"जहागीरदार बुटकं असतील," बब्रुवान म्हणाला.

"कुठले बुटके!" आण्णासाहेब म्हणाले. "कोर्टात आले की दारात वाकावं लागायचं त्यांना."

"मग डायवर बुटका."

"ड्रायव्हर त्यांनी कधी ठेवलाच नाही. गाडी देताना त्यांचा कारभारीच बोलला तसं."

आण्णासाहेबांनी खाली उतरून ठोकळे हलवून पाहिले. मग ते कंटाळले. "जाऊ दे. काढून टाक ते, आणि सीट घे मागं."

बब्रुवान पिशवीत पाना शोधू लागला. सरोजिनीनं फडकं घेतलं आणि काचा पुसायला सुरुवात केली. स्टिअरिंगच्या बाजूच्या काचेवर तिला पितळेची बारीक दांडी लागली. दांडीला कड्या होत्या आणि एक विटका हिरवा पडदा गुंडाळून बांधलेला होता.

"अहो, इथं पडदा आहे."

"असणारच. जहागीरदारांच्या घरात गोशा होता. बायकांना कुणी बघू नये म्हणून लावला असेल."

"पण मागच्या काचांना नाही."

"पडले असतील."

सरोजिनीनं मागच्या दोन्ही दारांवरून बोटं फिरवली. दांडी तर नव्हतीच, पण स्क्रूचं साधं भोकही नव्हतं. ती पुन्हा पुढं आली आणि विचारात पडली. परंड्याला त्यांच्या घरासमोरच एका नवाबाची देवडी, म्हणजे वाडा होता. तिथल्या बायका टांग्यात बसायच्या तेव्हा दोन्हीकडून चादरी धरल्या जायच्या, आणि टांगेवाल्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. त्या कायम मागं बसायच्या. पुढं टांगेवाल्याशेजारी बसलेली एकही तिला आठवेना.

तिच्या मनात काहीतरी लख्ख झालं. तिनं फडकं टाकलं, दार उघडलं आणि सरळ आत जाऊन बसली.

"अगं, हे काय?" आण्णासाहेब ओरडले.

तिचे दोन्ही पाय ठोकळ्यांवर अलगद टेकले. पाठ सीटला लागली. समोरच्या काचेतून अंगण, कुंपण आणि पलीकडचा रस्ता सगळं नीट दिसत होतं. कुणीतरी आपलंच माप घेऊन ही जागा बांधून ठेवली आहे, असं तिला वाटलं.

"बब्रुवानभाऊ, तो पाना राहू द्या," ती म्हणाली. "अहो, गाडी जहागीरदारांची होती, पण चालवत होत्या त्यांच्या बेगमसाहेबा."

"काहीतरीच! पुरावा काय?"

सरोजिनीनं पडद्याची गाठ सोडली आणि तो काचेवर सर्रकन ओढला. "गोशातली बाई मागं बसत असती तर पडदे मागं असते. इथं पडद्याआड बसणारं माणूसच गाडी हाकत होतं."

आण्णासाहेबांनी आत वाकून दांडीवरून बोट फिरवलं. वकिलीत त्यांच्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. बब्रुवान पाना हातात धरून एकदा साहेबांकडे, एकदा पडद्याकडे बघत होता.

बिराप्पानं कपबशी खाली ठेवली आणि टोपी सारखी केली. "साहेब, येष्टीची येळ झाली. शाळंच्या मोठ्या बाईंस्नी काय सांगू म्हणता?"

 सरोजिनीनं पडदा बाजूला सारला. तिचे हात स्टिअरिंगवर होते आणि ती खाली उतरली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

आण्णासाहेबांनी गाडीला एक फेरी मारली. उगीच एका चाकाला पायानं ठोकून पाहिलं. मग बब्रुवानच्या हातातून पाना काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

"बिराप्पा," ते म्हणाले, "तुमच्या शाळेचं फाटक केवढं रुंद आहे?"