सैल टाका

विमलताईंनी पिशवीतून वाकळ काढून शिलाई मशीनच्या पाटावर ठेवली. जोहराबीनं सवयीनं आधी तिची कड पाहिली. चारही बाजूंचा गोट उसवलेला होता. एका कोपऱ्याशी वीतभर निळी पट्टी तेवढी लोंबत होती. बाकी कडा उघड्या पडून आतल्या जुन्या लुगड्यांचे थर दिसत होते.

"हा गोट मीनंच लावला होता ना, संक्रांतीच्या आधी?"

"तुमीनंच."

"दुहेरी शिलाई मारली होती. कोनं उसवला?"

"त्याइनं."

म्हणजे किसनरावांनी. लकवा मारल्यापासून विमलताईंचे यजमान घराच्या पुढच्या खोलीत खाटेवर पडून होते. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. डावा हात तेवढा चालायचा, आणि तो दिवसभर अंगावरच्या वाकळेची कड चाचपत असायचा. नखानं टाका धरायचा, ओढायचा, सुटला की पुढचा.

जोहराबीला राग आला. किसनरावांचा नाही, आपलं काम टिकलं नाही याचा. चाळीस वर्षं ती घाटंजीत शिवत होती. वाकळ फाटेल पण जोहराबीचा गोट हलणार नाही, असं बाजारातल्या बाया म्हणत.

"आता पाहा," ती म्हणाली, "नायलॉनचा धागा घालते. बारीक टाका, तीन शिलाया. दातानंबी तुटनार नाई."

"नोको."

"काहून?"

विमलताई भिंतीशी सतरंजीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं.

"तुमी सैल टाका घाला, जोहराबी. ओढला का निंगला पाह्यजे."

"ओढला का निंगला? मंग लावता कायले?"

"तुमी पक्का लावला होता. चार दिवस त्याइनं ओढला, निंगेना. लेकरावानी रडले. मंग सोताच्याच मांडीची कातडी धराले लागले. रगत निंगे." विमलताईंनी पिशवीचा बंद हाताभोवती गुंडाळला. "शेवटी मीच ब्लेडनं पयले पाच-सहा टाके कापून देल्ले. तसा हात लागला कामाले. महिनाभर शांत होते. आता उसवाले काई उरलंच नाई, तं कालपासून पुन्हा मांडीवर हात."

नायलॉनचं रीळ जोहराबीनं परत डब्यात ठेवलं.

"पट्टी कोनत्या रंगाची लावू?"

"कोनतीबी. धागा दिसला पाह्यजे त्याइले."

तिनं पांढरी पट्टी घेतली आणि लाल सुती धागा ओवला. टाका लहानमोठा करायचा दांडा पार शेवटच्या खुणेपर्यंत नेला. ताणाचा स्क्रू सैल केला. पट्टीच्या घडीत वाकळेची कड धरली आणि पाय मारला. लांब लांब, कच्चे टाके पडू लागले, पहिल्या दिवशी शिकायला आलेल्या पोरीनं घातल्यासारखे. बाजू संपली की मागेपुढे शिलाई मारून टाका पक्का करायला तिचा हात आपोआप जायचा, आणि दर वेळी तिला तो आवरावा लागायचा. कोपरे मात्र तिनं नीट दुमडून काटकोनात बसवले. तेवढं केल्याशिवाय तिला राहवलं नाही.

"घरी कोन हाये त्याइच्यापाशी?" तिनं मान वर न करता विचारलं.

"रुक्माबाई बसली हाये शेजारची. चार वाजेलोक बसते म्हने."

"रात्री झोप होते का तुमाले?"

"डोळा लागते. पन कान जागाच रायते."

तिसरी बाजू झाली. चौथीसाठी वाकळ फिरवून घ्यायला जोहराबी थांबली आणि तिनं वर पाहिलं. विमलताईंची मान भिंतीला टेकली होती. तोंड किंचित उघडं पडलं होतं. एक हात अजून रिकाम्या पिशवीच्या बंदात अडकलेला होता. मशीनचा आवाज थांबताच त्यांच्या पापण्या हलल्या.

"आली, आली," त्या झोपेतच पुटपुटल्या.

जोहराबीनं घाईनं पाय मारला. पापण्या पुन्हा मिटून स्थिर झाल्या.

चौथी बाजू तिनं जितकी सावकाश लावता येईल तितकी सावकाश लावली. तरी ती संपलीच. तिनं झटकन सुईखालून वाकळ काढली, सुईतला धागा ओढून टाकला, आणि विमलताई हलायच्या आत पुन्हा पाय चालू केला. सुई रिकामीच खालीवर होऊ लागली. जोहराबीच्या गुडघ्यातून कळ येत होती. खुर्चीवर शाळेच्या गणवेशांची चळत शिवायची पडली होती. भिंतीवरच्या घड्याळात तीनसुद्धा वाजले नव्हते.

आतून तिची सून शबाना चहाचे दोन कप घेऊन आली. तिनं भिंतीशी झोपलेल्या विमलताईंकडे पाहिलं, मग मशीनकडे. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अम्मी, सुईत धागाच नाई."

"मले दिसते," जोहराबी म्हणाली. "तू चाय झाकून ठेव. पावनेचार वाजले का मले सांगजो."