कोपऱ्यावरची काठी

पदवीनंतर भूगोलाच्या मुलांना कुठेतरी नोकरी मिळावी, म्हणून मी त्यांना रविवारीही जमीनमोजणीचे यंत्र चालवायला शिकवीत असे. त्यांतून पहिली नोकरी भाविकाला लागली, आणि पहिलेच काम पनवेलजवळच्या तिच्याच गावातले निघाले: नव्या रस्त्यात जाणाऱ्या घरांची मोजणी. धीर यावा यासाठी तिने मला सोबत नेले. तिच्या घराशी पोहोचलो, तेव्हा खुणेची काठी धरणारा मदतनीस आला नव्हता. तिच्या वडिलांनीच ती उचलून कोपऱ्याला टेकवली. “बाबा, तू नको ना धरू!” “का गो बाय? घर तं जानारच हाय. तुजी नोकरी नको जायला.” तिने यंत्राला डोळा लावला. मग तिचे वडील माझ्याकडे वळले. “सर, तुमीच शिकवलंत ना हिला? बगा, सरळ हाय ना?” “सरळ आहे,” मी म्हणालो, आणि भाविकाने तो कोपरा नोंदवून घेतला.